भोंग्यातला माझा आवाज

कडुलिंबाला बांधलेला तो पत्र्याचा भोंगा आजही तोंड वासून माझ्याकडे बघताना दिसतो... मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळची चैत्रातली जत्रा, तापलेल्या धुळीचा, जिलबीच्या पाकाचा आणि पायाखाली चिरडलेल्या संत्र्यांच्या सालींचा मिसळलेला वास, आणि त्या भोंग्याखाली ओक्साबोक्शी रडणारी माझी आई. चार वर्षांचा माझा धाकटा भाऊ गर्दीत आमच्या हातून सुटला होता.

मी तेव्हा तिसरीत होते आणि चारचौघांत बोलायला महाभित्री. शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार सांगायला उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची, कोणी खुदकन हसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची... मास्तरांनी शेवटी माझा नाद सोडला होता.

माईकवरचे काका घसा फोडून सांगत होते, "प्रमोद नाम का बच्चा, लाल बुशशर्ट..." आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. बारशानंतर ते नाव कोणी घेतलंच नव्हतं; घरीदारी तो बाल्या होता. प्रमोद म्हणजे आपण, हे त्या पोराला ठाऊकच नव्हतं! जत्रेमागे बिनकठड्याची विहीर होती, परतीच्या बैलगाड्या सुटू लागल्या होत्या... मी काकांना कसंबसं सांगितलं.

"मंग तूच बोल ना, पोरी. तुहा आवाज वळखन तो," म्हणत त्यांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. त्याला तंबाखूचा वास येत होता.

"बाल्या... मी ताई बोलून राहिली."

माझाच आवाज भोंग्यातून उडाला आणि शेतांवरून फिरून कोणा परक्या मुलीचा होऊन परत आला, तशी मी थिजलेच. सारी जत्रा ऐकत होती. आईने माझा खांदा घट्ट धरला होता. सुचेल ते बोलले, "भोंग्यापाशी ये बाल्या, आई रडून राहिली. नाही आला तं तुही जिलबी मी खाऊन टाकीन!"

हशा पिकला. एरवी याच हशाने माझी वाचा बसायची... पण मला त्या लोकांशी बोलायचंच नव्हतं, फक्त बाल्याशी बोलायचं होतं. मी बोलत राहिले, घाबरत, धमकावत, घसा कोरडा पडेस्तोवर. शेवटी एका गाडीवानाच्या खांद्यावर बसून तो आला, रडून सुजलेला आणि वर रागावलेला.

"खाल्ली काय वं?"

पुढे मी शिक्षिका झाले, पांढुर्ण्यात कितीतरी मंचांवरून बोलले. लोक म्हणत, बाईंना भीती ठाऊकच नाही. खरं तर ती दर वेळी यायची. मी फक्त गर्दीत बाल्याला शोधायचे आणि त्याच्याशीच बोलायचे. तो आलेला नसला, तर इथेच कुठेतरी चुकलाय आणि ऐकतोय, असं धरून चालायचे.

मागच्या वर्षी बाल्या गेला... झोपेतच. शोकसभेत माईक आपसूक माझ्याकडे आला, बाईंना सवय आहे म्हणून. समोर अख्खं गाव बसलं होतं. मी सवयीने नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत... मग माईक खाली ठेवला.