मेल्याचा निरोप

जालन्याच्या टॉकीजमध्ये आईसोबत सिनेमा पाहिला. ज्योतिष्यानं सांगितलेल्या घडीलाच नायिका मरते. मला घाम फुटला होता आणि आई निवांत शेंगदाणे खात होती.

गेल्या उन्हाळ्यात टेंभुर्णीत तिच्या डोक्यावर कावळा बसला होता. आमच्याकडे ती मरणाची खूण. त्यावर उपाय एकच: माणूस गेल्याचा खोटा निरोप धाडायचा, नातलग रडले की अरिष्ट टळतं. मी लाख चिडलो, तरी आईनं मामाला फोन मलाच करायला लावला. मामा वडीगोद्रीहून हंबरडा फोडतच आला. दारात त्याला पाण्याचा तांब्या आईनंच दिला.

सिनेमा सुटल्यावर ती ऐटीत म्हणाली, "उगंच मेली ती. भावाला एक खोटा फोन लावला असता, तर बराबर जगली असती."