पेवाच्या तोंडाशी स्टँड फास्ट

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि सांगलीजवळच्या एका गावच्या अग्निशमन दलात शिक्षक म्हणून लागलो. फौजेत मी अ‍ॅम्युनिशन डेपोच्या फायर पार्टीवर होतो. माझं गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे पोरांची बोली ओळखीची होती. दलात तीन फायरमन, एक पंप, एक जीप. धुरात श्वास घेता यावा म्हणून ब्रीदिंग सेट, म्हणजे मुखवटा आणि पाठीवरची हवेची टाकी, मागितला होता. साहेब म्हणाले, बघू. ते अजून बघतायत.

घाबरलेल्या माणसाचं डोकं बंद पडतं, पाय मात्र चालत राहतात. म्हणून रोज सकाळी धुरानं भरलेल्या शेडमध्ये पोरांना घालायचो, कानाशी डबा बडवायचो, तोंडाला येईल ते बोलायचो. "स्टँड फास्ट" म्हटलं की असेल तिथं थांबायचं. सलीम आणि तुकाराम थांबायचे. श्रीपतीला जमायचं नाही.

"आवं सुभेदार, कुणी वराडलं की माझं पाय थांबतच न्हाईत."

"मग पाय घरी ठेवून येत जा."

तिघंही हसायचे. श्रीपतीवर माझा जीव होता.

त्या भागात हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीखालचं खोल कोठार, तोंड एका माणसापुरतं. आतली हवा मारक असते. म्हणून हमाल आधी पेटता कंदील सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही. तीच रीत मी ड्रिलमध्ये घेतली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी पेवांशेजारी पोत्यांच्या ढिगाला आग लागली. पोरांनी ती झकास विझवली. तेवढ्यात मुकादम ओरडत आला, "म्हादू पेवात पडला!"

म्हादू तिथला हमाल, श्रीपतीचा धाकटा भाऊ. धुरात त्याला पेवाचं उघडं तोंड दिसलं नव्हतं.

कंदील सोडला. निम्म्यात विझला.

"स्टँड फास्ट!"

तिघंही थांबले. श्रीपतीसुद्धा, पहिल्यांदाच. मग खालून बारीक हाक आली, "दादा." श्रीपतीनं उडी टाकली.

सलीमनं कमरेला दोर बांधला. "जाऊ का, सुभेदार?"

"नाही."

"जित्ता हाय त्यो अजून!"

"स्टँड फास्ट."

बेशुद्ध माणसाला कवेत घेऊन त्या तोंडातून वर येता येत नाही. तिसरा गेला असता, मग चौथा. सलीम ढसाढसा रडला, पण जागचा हलला नाही. तुकारामही नाही. खालचा आवाज बंद झाला. गळ टाकून दोघांना वर काढलं आणि मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोघंही गेलेत.

संध्याकाळी त्या दोघा भावांच्या घरी गेलो. आई उंबऱ्यावर बसली होती.

"तुमी किती जण हुता वर?"

"तिघं, आक्का."

"आन् एकबी उतरला न्हाई?"

"मी उतरू दिलं नाही."

ती उठली. "लय चांगलं शिकवलंसा पोरास्नी," म्हणाली आणि आत गेली.

पुढं मी बरीच वर्षं शिकवलं. ब्रीदिंग सेट आला नाही. ऑर्डर बरोबर होती, हे मला माहीत आहे. ते माहीत असण्याचा उपयोग कधीच झाला नाही.

श्रीपती, फायरमन. महादेव, हमाल. त्या घरात तिसरं मूल नव्हतं.