काळोखनाथचा कावळा

सापगावच्या अंगणवाडीत हर्षाली सकाळी पोरांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायची. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो, आणि मेणाच्या घरातली चिमणी आतून म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. पोरं खिचडी खाता खाता खिदळायची. दुपारी घरी गेल्या की याच बाई मोबाइलवर कथांच्या एका अॅपसाठी प्रेमकथा लिहायच्या आणि त्याच कावळ्याला सहा फूट उंची द्यायच्या.

हो, सहा फूट. वर काळा कोट, जखमी काळीज आणि डोळ्यांत वादळ. वादळ नसलं तर वाचक पुढचा भाग उघडत नाहीत म्हणे. चिमणी कोवळी आणि अनाथ. बाळाचा पत्ता पहिल्याच भागात कट, कारण असल्या प्रेमात लेकरू म्हणजे नसती अडचण. याआधी हर्षालीनं भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेल्या म्हातारीला विशीत आणून वाघाच्या गळ्यात बांधलं होतं. ती जोडी एवढी गाजली, की बायकांनी वाघाच्या विरहात कविता पाठवल्या.

अ‍ॅपवर तिचं नाव होतं काळोखनाथ. असलं काही बाईनं लिहिलं तर लोक नावं ठेवतात. पुरुषानं लिहिलं, की बिचाऱ्यानं फार सोसलं असणार असं धरून चालतात. नवरा आदेश आसनगावहून रोज कल्याणला जायचा. रविवारी कधी विचारायचा, "सारखी काय लिवतेस गो त्यात?"

"पोषणाची माहिती भरते. वरून मागितलीय."

आदेश मग सरकारला शिव्या घालायचा आणि ही शांतपणे कावळ्याच्या शर्टाची बटणं काढायला घ्यायची.

काळोखनाथचं एक वाक्य तर वाचकांनी डोक्यावर घेतलं होतं. चिमणी आतून थांब म्हणते, कावळा हसतो, म्हणतो, "तुझं थांब म्हणजे कडी न लावलेलं दार," आणि खांद्यानं दार फोडून आत येतो. त्या भागाखाली बदामांचा नुसता खच पडला होता.

मुरबाडकडच्या गावातून शहापूरच्या कॉलेजात शिकायला आलेली तिची भाची वैष्णवी तिच्याकडेच राहायची, आणि काळोखनाथची ती निस्सीम भक्त होती. लेखक आपल्याच घरात भांडी घासतो हे तिला ठाऊक नव्हतं. हर्षाली मुद्दाम खडा टाकून बघायची, "काय गो ठेवलंय एवढं त्याच्यात?"

"आत्ये, बाईच्या मनातलं कळतं त्याला."

मग हर्षालीला दिवसभर आकाश ठेंगणं. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडायचं.

आणि एका दुपारी वैष्णवी धावत घरात शिरली, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर बाईक थांबली. मुरबाडचा प्रज्वल गेला महिनाभर तिच्या मागे होता. नको म्हटलं तरी एसटीमागून यायचा. आज घरापर्यंत पोचला होता. आळीतली माणसं कामावर गेलेली, हाक मारावी तर ऐकायला कोणी नाही.

"वैष्णवी, दार उघड."

"थांब ना रे! जा तू इथून!"

बाहेरून हसू आलं. "तुझं थांब म्हणजे कडी न लावलेलं दार!"

सांगायला लाज वाटते, पण हर्षालीला आधी आनंद झाला. तिचं वाक्य कुणीतरी तिच्या तोंडावर, काना-मात्रेसह म्हणून दाखवलं होतं. मग वैष्णवीनं तिचा हात धरला. पोरीचा हात गार पडला होता. 

हर्षाली खिडकीशी गेली. "ए, ते वाक्य मी लिवलंय. आणि साफ चुकीचं लिवलंय. ती जा म्हणते ना, मग जायचं."

प्रज्वलनं तिच्याकडे कीव करत बघितलं. "काकी, ते काळोखनाथचं हाय. तुमी खिचडी शिजवा." आणि त्यानं दाराला खांदा लावला, अगदी त्या भागात लावला होता तसाच.

हर्षालीनं मोबाइल काढला. एरवी एका चुंबनाला दुपार लावणारी बाई, आज उभ्या उभ्या लिहीत सुटली. कावळा मुरबाडहून लाल बाईकवर आला. डावा आरसा फुटका. नंबर प्लेटच्या वर 'आई सकुबाईची कृपा'. नाव प्रज्वल. चिमणी त्याला थांब म्हणाली आणि कावळा भर दुपारी एका बाईचं दार फोडू लागला. कोट नाही, वादळ नाही. तिनं भाग लगेच वाचकांसाठी टाकला.

बाहेर टुंग वाजलं. पठ्ठ्या खरा वाचक होता. दार फोडायचं सोडून आधी नवा भाग उघडला. धडका थांबल्या. तो वाचत गेला, मग बाईककडे बघितलं, मग आरशाकडे. तेवढ्यात भागाखाली कुणीतरी लिहिलंसुद्धा, 'अय्या, ही गाडी मी रोज मुरबाडच्या स्टँडवर बघते!'

अंगणवाडीच्या बाईकडे त्यानं आता पहिल्यांदा लेखकाकडे बघावं तसं बघितलं. "काकी, डिलीट करा ना. आई वाचते तुमचं."

"म्हणूनच ऱ्हाऊ दे."

बाईक गेली. वाचक मात्र खवळले. चिमणी निर्दयी आहे, कावळ्याच्या जखमा कुणी समजून घेतल्या नाहीत, काळोखनाथांची लेखणी बिघडली. हर्षाली ते वाचून मोठ्यानं हसली आणि वैष्णवीला दाखवायला वळली. वैष्णवी जमिनीवर बसली होती, मोबाइल हातात, जुने भाग वर-खाली करत.

"आत्ये, हे सगळे तूच लिवलेस?"

"हो गो."

पोरीनं दार फोडायचा तो भाग उघडला.

"मी त्याला कितीदा थांब म्हटलं," ती म्हणाली. "तो हसायचा. मला वाटायचं, मलाच नीट म्हणता येत नाय."

हर्षालीला तिच्याकडे बघवेना.