पाठीवरचं हिम

तिसा नदीकाठच्या त्या गावात हिवाळ्याआधी डुकरं रोझालनेनीला विचारूनच ठेवत. तिकडे वयस्क बाईला नेनी म्हणतात. रोझाल मात्र चाळिशीतच साऱ्या गावाची नेनी झाली, ती या विद्येपायी. डुकरं हिवाळाभर उघड्यावर, बोरूच्या कुडाच्या आडोशाला राहायची. त्यातली कुठली तग धरतील आणि कुठली नाताळाआधी कापायची, हे ठरवायला पहिलं कडक हिम पडलं की तिला बोलावणं यायचं.

भल्या पहाटे ती कुंपणात एक फेरी मारायची आणि बोट दाखवायची. "ही गरम आहे, ही ठेवा." संपलं! कसं ओळखलं म्हणून कोणी विचारलंच, तर म्हणायची, "देवानं डोळे दिलेत ना? बघा की मग!" नवऱ्यालासुद्धा मरेपर्यंत सांगितलं नाही बाईनं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भल्याभल्या मिशाळ शेतकऱ्यांनी दारात टोपी काढून उभं राहावं, हे तिला आवडायचं. का आवडू नये? बाईमाणसाला तिथे दुसरा मान तरी कसला मिळत होता!

पुढे सामुदायिक शेती आली. तिच्याबरोबर पांढरी डुकरं आली, गरम गोठ्यात वाढणारी, एका वेताला बारा पिल्लं घालणारी. कुरळ्या केसांच्या जुन्या लोकरी डुकरिणी चार-पाचांवरच थांबायच्या. लोकांनी त्या भराभर कापल्या. गावात शेवटची उरली नेनीच्या अंगणात. पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्या नराकडून वसंतात ती गाभण राहिली, तर वंश टिकणार होता. नेनीचा सगळा जीव तेवढ्यात अडकला होता.

तिच्याच शेजारी नेनीच्या मुलानं, देझोनं, आणून ठेवलेली पांढरी होती. चारा एकीपुरताच.

"आई, पांढरी ठेवू या. बारा घालते."

"तू आणि तुझी बारा! थंडीलाच ठरवू दे. गरम असेल ती राहील."

देझो कबूल झाला. थंडी कुणाच्या बाजूनं बोलणार हे नेनीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती मनात हसली. याच्या डोळ्यांदेखत याला हरवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पण कापायच्या आदल्या दिवशी ती विहिरीपाशी बर्फावरून घसरली आणि कंबर धरून अंथरुणाला खिळली. पहाटे खाटीक दारात हजर. देझोनं खोलीत डोकावून विचारलं, "आई, कुठली गं?"

"पाठी बघ दोघींच्या," ती कण्हत म्हणाली. "गरम असेल ती ठेव."

तो गेला. थोड्या वेळानं अंगणात पेंढा पेटला. कापलेल्या डुकराचे केस तसेच जाळतात. धूर खिडकीच्या फटीतून आत आला. वास जळक्या लोकरीचा होता.

"देझो! अरे देझो!" ती ओरडली. अंगणातल्या गडबडीत कुणाला ऐकू गेलं नाही.

मग तो आपणहून आला, तळलेल्या काळजाची ताटली घेऊन. "तू म्हणालीस तसंच केलं बघ. लोकरी पार गारठली होती गं, पाठीवर बोटभर हिम, हात बधिर झाला माझा. आणि पांढरीची पाठ ओलीगच्च, नुसती वाफाळत होती."

"मुडद्या!" नेनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तिची ऊब आत होती रे! बाहेर सांडली नाही, म्हणून तर पाठीवरचं हिम वितळलं नाही. पांढरीची चाललीय वाया."

देझोचा चेहरा उतरला. "मग हे आधी का नाही सांगितलंस? इतकी वर्षं नुसतं गरम, गरम करत राहिलीस. मला काय कळणार?"

ताटलीला तिनं हात लावला नाही.

पांढरी जानेवारीत खोकून खोकून मेली. देझोनंच तिला पुरलं.

त्यानंतर नेनी काठी टेकत दारोदार जाऊन सांगू लागली. "हिम वितळत नाही ती गरम, बाबांनो. वाफाळते ती नव्हे." लोक भले. बसायला देत, ऐकून घेत, माना डोलवत. मग एकदा खाटकाच्या लहान मुलीनं विचारलं, "नेनी, दाखव ना एखादी."

नेनी तिला घेऊन उठली. दोघी गावातलं एकेक कुंपण बघत शेवटच्या घरापर्यंत गेल्या, आणि तशाच परत आल्या.