चौथा खटका

बिघडलेलं कुठलंही यंत्र समोर आलं की ते आधी त्याला कान लावायचे. पेचकस खिशातच राहायचा. डोळे मिटून, बोटाच्या पेरानं डबा दोनदा ठोकून म्हणायचे, "आदी ऐकून घिऊ. मंग खोलू."

गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो मिस्त्री, बंदच पडलंय ते. त्यात ऐकायचं काय?"

"बंद हाय म्हनूनच."

परभणीच्या एसटी स्टँडामागे त्यांची टपरी होती, चार फूट बाय सहा. रेडिओ दुरुस्त करणारा असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल आणि त्याचं नाव तुम्हीही कधी विचारलं नसेल. घरात आम्ही त्यांना 'तो रेडिओवाला' म्हणायचो. इथे तरी मी 'ते' लिहितो आहे.

माझी नोकरी सिंचन खात्यात, कालव्याचं पाणी मोजण्याची. मोजायची सवय माणसाबरोबर घरी येते. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अकरा वर्षं बंद होता. दीड हात रुंद, सागवानी. तो मी रिक्षात घालून टपरीवर नेला. त्यांनी नेहमीप्रमाणे कान लावला, आणि इतका वेळ काढला की मी घड्याळ पाहिलं.

"ह्याचे व्हॉल्व आता मिळायचे न्हाईत, साहेब," ते म्हणाले. "पर डबा लय भारी हाय. भंगारात घालू नका. ह्याचं गान्याचं कपाट करू."

कल्पना त्यांचीच. मोडक्या टेपरेकॉर्डरांतून कॅसेट फिरवणारे चार सांगाडे काढायचे आणि या डब्यात बसवायचे. रेडिओचं बँड बदलायचं बटण तसंच ठेवायचं, त्याला चार खटके होतेच. बटण फिरवलं की ती ती कॅसेट वाजेल. पहिल्या खटक्यावर वडिलांचे अभंग, दुसऱ्यावर बायकोची नाट्यगीतं, तिसऱ्यावर माझी हिंदी गाणी. मी त्याच दिवशी यादी केली. शेहेचाळीस गाणी, प्रत्येकापुढे मिनिटं आणि सेकंद. चौथ्या खटक्यापुढचा रकाना कोरा राहिला.

डबा उघडून पसरायला टपरी पुरेना, म्हणून सात रविवार ते सकाळी आमच्या ओसरीत बसून काम करत. बायको त्यांना आमच्याच सेटमधल्या कपात चहा द्यायची. त्या सेटमध्ये सहा कप होते आणि मी त्यांचा वेगळा कप ठेवलेला नाही, हे मी स्वतःच्या खात्यावर पुण्य म्हणून धरत होतो. आता वाटतं, ज्याला हे मोजावं लागतं त्याच्याकडे ते नसतंच.

गावाबद्दल त्यांना मी एकदाच विचारलं. जिंतूरकडचं खेडं. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा त्यांची वस्तीही पेटवली होती. दहा वर्षं होऊन गेली होती. ते तारांना कथलाचा डाग देता देता सांगत होते.

"घरात किमती चीज एकच, मल्टिमीटर. ती बगलंत मारली अन् पळालो. माय म्हनली, मला धर की रे आदी." ते हसले. "पंचायतीचा रेडिओ मीच नीट करून दिलता आठ दिवस आदी. बातम्या झ्याक ऐकू येत व्हत्या लोकायला."

मीही थोडं हसलो.

त्यांची आणखी एक सवय होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या मागच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, ते पेन्सिलीनं लिहून ठेवत: दोष काय होता, काय बदललं, का बदललं. मी विचारलं, "हे वाचणार कोण?"

"पुढचा मिस्त्री. त्याला येडं ठरवायचं न्हाई."

तिसरी गोष्ट त्यांची कॅसेट. तयार झालेल्या यंत्रावर पहिला आवाज त्याच कॅसेटचा. त्यांच्या आईनं कुठल्याशा कार्यक्रमात गायलेलं भीमगीत त्यात होतं, साध्या टेपवर भरून घेतलेलं. आई वारून तीन वर्षं झाली होती.

"ह्यो आवाज मला पाठ हाय. मशीन खोटं बोललं की लगेच कळतंय." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "साहेब, एक मागू का? टपरीत बारका डबा हाय, त्यात माय नाकात गायल्यावानी वाटतीया. ह्या सागवानी डब्यात तिचं गानं एकदा पुरं ऐकायचंय. सुरुवातीपासून शेवटापस्तोर. मंग चौथा खटका तुमाला काय घालायचं ते घाला."

"ऐका की," मी म्हणालो. "त्यात विचारायचं काय?"

त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं, मनातल्या मनात गाणं पुरं म्हटलं आणि सांगितलं: चार मिनिटं दहा सेकंद. मी ते यादीत चौथ्या खटक्यापुढे लिहिलं. ती यादी माझ्याकडे आहे. अक्षर माझंच आहे.

सातव्या रविवारी डबा तयार झाला. मी हौसेनं गल्लीतल्या सहा जणांना बोलावलं. शेजारचे नाना सगळ्यांत आधी येऊन खुर्चीत बसले. आमच्या गल्लीत नानांचं मत घेतल्याशिवाय कुणी भिंतीला रंगसुद्धा देत नसे. शहरात त्या दिवसांत विद्यापीठाच्या नव्या नावाच्या बाजूचे आणि विरुद्धचे मोर्चे निघत होते.

त्यांनी बटण चौथ्या खटक्यावर आणलं. आधी टाळ्या, मग ढोलकी, मग एका बाईचा भरदार आवाज. ओसरीच्या फरशीतून तो पायाला जाणवला. ते डब्याला कान लावून बसले नाहीत. दोन पावलं मागं सरून, हात बांधून उभे राहिले. एवढ्या दिवसांत यंत्रापासून लांब उभे राहिलेले मी त्यांना प्रथमच पाहिलं.

नाना म्हणाले, "काय साहेब, आता तुमच्या घरातूनबी मोर्चा निघनार का?"

दोघं-तिघं हसले. मीही हसलो. रस्त्यावरून एक सायकलवाला आमच्याकडे बघत गेला.

"आवाज जरा कमी करा," मी म्हणालो. "बाहेर जायलाय."

त्यांनी वळून पाहिलं. "काई दोष हाय का, साहेब?"

"दोष नाही. पण या कॅसेटला खरखर फार आहे. दुसरं लावा."

खरखर नव्हती. कालव्याच्या मोजपट्टीवर मी अर्धा इंच कधी इकडचा तिकडे केला नाही आणि सात माणसांपुढे हे खोटं सरळ बोललो. त्यांनी बटण फिरवलं आणि वडिलांचे अभंग सुरू झाले. नाना म्हणाले, "आता कसं." बाईंचं गाणं फार तर पन्नास सेकंद वाजलं होतं. म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद राहिली.

आम्ही चहाला आत गेलो. ते ओसरीतच थांबले. बाहेर आलो तेव्हा ते मागच्या झाकणाचे स्क्रू आवळत होते आणि त्यांची कॅसेट खिशात गेली होती.

"आता बाहेर जायचा न्हाई," ते म्हणाले. "चार नंबर मोकळा ठिवलाय."

चहा घेतला नाही. वहिनींना सांगा म्हणाले, आज घाई हाय.

त्यानंतर डबा चालला, पण आवाज दबका. बटण पूर्ण फिरवलं तरी स्वयंपाकघरात नीट ऐकू येत नसे. महिन्याभरानं टपरीवर गेलो तर तिथे पानवाला बसला होता. रेडिओवाले पूर्णेला बहिणीकडे गेले, एवढंच त्याला माहीत होतं. मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं. पुढे कुणी डब्याचं विचारलं की मी सांगायचो, "कल्पना चांगली होती, पण कामात कसर ठेवली त्यानं." पाच वर्षांत हे मी किती जणांना सांगितलं ते मोजलेलं नाही. नांदेडला जाताना पूर्णेवरून मात्र सात वेळा गेलो. गाडी तिथं बराच वेळ थांबते. एकदाही उतरलो नाही.

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं, त्यानंतर महिन्याभरात डब्याचा दुसरा सांगाडा अडकला. नवा मेकॅनिक घरी आला. त्यानं काही ऐकून घेतलं नाही, थेट मागचं झाकण काढलं. बायको आणि मुलगी उभ्या होत्या.

"कुणी केलंय हे काम?" तो म्हणाला. "एकही तार वाकडी नाही. आणि हे लिहून ठेवलंय बघा." त्यानं झाकण उजेडात धरून मोठ्यानं वाचलं. सात रविवारांची कामं ओळीनं होती. शेवटची ओळ अशी:

"स्पीकरच्या तारेत रेझिस्टन्स टाकून आवाज कायमचा कमी केला. मालकाच्या सांगण्यावरून. मशीनमध्ये दोष नाही."

"मालक म्हणजे कोण?" मुलीनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या रविवारी ती आत चहा करत होती. तिनं काही ऐकलं नव्हतं, असं मी पाच वर्षं धरून चाललो होतो.

"मी," मी म्हणालो.

मेकॅनिकला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं पक्कडीत तो बोटाच्या पेराएवढा तुकडा धरला आणि विचारलं, "काढू का साहेब? आवाज मोकळा होईल."

"काढा."

अभंग गल्लीच्या टोकापर्यंत गेले. नाना दारात येऊन उभे राहिले. मी बटण फिरवून चौथ्या खटक्यावर आणलं. आत कॅसेट नव्हती, नुसती मोकळी चाकं फिरत होती. मी दोन पावलं मागं सरलो आणि घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं वीस सेकंद मी कुणाला बटणाला हात लावू दिला नाही.