लाल टॅग लागलेली बॅट

खेळात पंचाचा शब्द अंतिम असतो, आणि तो असावाच. कारखान्यातला लाल टॅग दिसला की मला भिलाईतला आमचा बेसबॉलचा अंतिम सामना आठवतो. शेवटच्या डावात बरोबरीला एक धाव हवी होती, बॅट माझ्या हातात होती. पंच प्लांटमध्ये माल तपासायचे. त्यांनी बॅट मापाच्या कडीत घालून पाहिली, ती पोचा आलेल्या जागी अडकली. त्यांनी खिशातून ‘रिजेक्ट’चा टॅग काढला, सुवाच्य अक्षरात तारीख, वेळ लिहून सही केली आणि बॅटला बांधला. “काका, कावून अडवून राहिले? एकच बॉल खेळू द्या न!” “रिजेक्ट माल लाइनवर जात नाही, बाई. दुसरी आण.” आम्ही हरलो. मैदानावर बॅट तेवढी एकच होती. सकाळपासून दोन्ही संघ तिनंच खेळत होते.