स्टेज स्वयंपाकघराच्या दाराशी

लोणीच्या साळुबाईनं आयुष्यात हट्ट असा एकच केला, आणि तोही स्टेज कुठं घालायचं याचा. आता याला काय म्हणावं!

तिचा नवरा सयाजी गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. पदरात एक मुलगी आणि एक मुलगा. धाकटा दीर सावळेराम आणि जाऊ इंद्रायणी भिंतीला भिंत लागून राहायचे. दोघं माणसं भली, खोटं कशाला बोला. पुढं मुलीचं लग्न निघालं तेव्हा कन्यादानाला दीर-जाऊच बसले. विधवेनं बसायचं नसतं. रांधायला मात्र विधवा चालते बरं का, तिथं कुणाच्या शास्त्राला बाधा येत नाही. साळुबाईच्या हातची मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा म्हणजे आख्ख्या भावकीत नाव. मग काय, लग्नाचे दोन्ही दिवस बाई चुलीपुढं.

त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आली, तीन तासांची. साळुबाईनं ती तीनदा पाहिली. तिन्ही वेळा ती स्वतःला शोधत होती. पंगतीच्या वेळी एकदा, रश्श्याची बादली घेऊन चाललेली, ती सापडली. तीही पाठमोरी. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ही म्हणाली, "पाठ तरी आली."

मग पाच वर्षांनी, नव्याण्णव साली, मुलाचं, भरतचं लग्न ठरलं. भरत चाकणला कंपनीत होता. मुलगी नारायणगावची, स्नेहल. लग्न मुलीकडं कार्यालयात व्हायचं होतं आणि हळदीला मुलाची आई म्हणून इंद्रायणी बसणार, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. एका रविवारी भरत म्हणाला, कंपनीतले दोस्त रिसेप्शन मागतायत. साळुबाई घेवडा निवडत बसली होती.

"त्याला भटजी असतो का रं?"

"न्हाई."

"हळद, अक्षता? सवाष्णी लागत्यात?"

"कायबी न्हाई, आई. दोन खुर्च्या टाकायच्या, हात मिळवायचा, फोटू काढायचा, जेवायला जायाचं."

साळुबाईनं घेवड्याचं ताट खाली ठेवलं. "मंग ते आपल्या घरी करायचं," ती म्हणाली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दारापुढच्या खळ्यात, असं ठरलं. मांडववाला जागा बघायला आला. सावळेरामनं त्याला थेट आंब्याखाली नेलं. रस्त्यावरून येणाऱ्याला स्टेज लांबूनच दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात साळुबाई बाहेर आली.

"स्टेज सैंपाकघराच्या दाराशी घाला."

सावळेराम बघतच राहिला. "वहिनी, तिथं धूर, माश्या, खरकटी भांडी. व्याही काय म्हनतील?"

"वाढायला जवळ पडतंय."

"आवं, स्टेजवर कुनाला वाढायचंय?"

साळुबाई जागची हलली नाही. खरं कारण असं होतं, की कॅमेरा स्टेजकडं तोंड करून असतो. स्टेज दाराशी आलं तर दारात उभं राहणारी बाईही त्यात येणार. स्टेजवर चढायचं तिच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. मुलाच्या लग्नात आपण होतो, एवढं तिला कॅसेटमध्ये दिसायला हवं होतं. पण हे बोलायचं कुणापुढं? लोक म्हणाले असते, म्हातारपणी हौस बघा.

तीन दिवस घरात त्या स्टेजवरून धुसफूस चालली. शेवटी सावळेरामनं हात टेकले. जन्मात कधी काही मागितलं नाही, तर होऊ दे वहिनीच्या मनासारखं, म्हणाला.

कार्याचा दिवस उजाडला. पुऱ्या, भात, बुंदी आचाऱ्याकडं होती. व्याह्यांच्या पंगतीचा रस्सा साळुबाईकडं, स्वयंपाकघरात दारासमोरच्याच चुलीवर. दुपारी तिनं पेटीतलं जपून ठेवलेलं पातळ काढून नेसलं आणि बाहेर येऊन बघते तर काय, सावळेरामनं मांडववाल्याकडून जाडजूड लाल पडदा मागवून स्वयंपाकघराच्या दारावर ठोकलेला.

"आता कसं झाक दिसतंय! धूर न्हाई, भांडी न्हाई," तो खुशीत म्हणाला.

करायला गेलो काय आणि झालं काय, अशी गत. साळुबाई आत गेली आणि रस्सा ढवळायला लागली. डोळ्यांतलं पाणी मिरचीच्या ठसक्यावर घालवलं.

संध्याकाळी दिवे लागले. चाकणची पोरं आली, व्याही आले, खळं भरून गेलं. व्हिडिओवाल्यानं हाक दिली, "नवरदेवाचे आई-वडील, वर या." सावळेराम सवयीनं वर चढला. इंद्रायणी हातातलं पेढ्यांचं ताट ठेवायला पडदा सारून आत आली. आत साळुबाई पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होती.

"आक्का, हितं काय करताय?"

साळुबाईनं लपवायचा प्रयत्न केला, पण तिला जमलं नाही. "काय न्हाई गं. येकदा त्या कॅमेऱ्यात यावं म्हन्लं व्हतं. दारात हुबं राहून."

"म्हनून स्टेज हितं?"

साळुबाईनं मान हलवली. इंद्रायणीनं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

"हळदीला म्या बसले, कारन रीत हाय," ती म्हणाली. "पन ह्या रिसेप्शनला कुठं रीत हाय? आपल्या घरात तर पैलंच हाय. आपुन घालू तीच रीत. जावा वर."

"रस्सा करपंल."

"न्हाई करपत. म्या हाय."

तिनं जावेच्या हातातला डाव काढून घेतला आणि पडदा खिळ्यातून असा ओढला, की सावळेराम स्टेजवरून ओरडता ओरडता थांबला. साळुबाई पायरी चढली. खाली बायकांत कुजबूज झालीच, होणारच. भरतनं आईला नवरा-नवरीच्या मधोमध उभं केलं. स्नेहल पाया पडली. हात कुठं ठेवावेत ते साळुबाईला कळेना, मग तिनं पदराचं टोकच मुठीत धरलं.

महिन्यानं कॅसेट आली. भरतनं व्हीसीआर भाड्यानं आणला. सगळे जमले. स्टेजचा भाग आला आणि सावळेराम म्हणाला, "बघा वहिनी, कशा ठसठशीत दिसताय."

साळुबाई स्वतःकडं बघतच नव्हती. तिच्या पलीकडं, उघड्या दारात, धुरात एक बाई वाकून रस्सा ढवळत होती. काठापदराची नवी साडी, आणि पाठमोरी.

"थांबव रं तिथंच."

भरतनं बटण दाबलं. चित्र थरथरत उभं राहिलं. साळुबाईनं ते डोळे भरून पाहिलं. मग शेजारी बसलेल्या इंद्रायणीचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"पुढच्या कार्याला रस्सा आचाऱ्याला सांगायचा," ती म्हणाली.

"वहिनी, तुमच्या रश्श्यासाठी तर मानसं येत्यात," सावळेराम म्हणाला.

"येऊ नायतर न येऊ. रस्सा आचारी करंल."